केस गळतात, मन खचते

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पांढुर्ण्याची गोटमार. जांब नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड, त्यावर झेंडा आणि दोन्ही बाजूंनी दगडांचा मारा. ही प्रथा राहावी की जावी, हा वाद येथे नको. सांगायचे ते एवढेच की, त्या दिवशी पुष्कळ डोकी फुटतात. दवाखान्यात टाके घालण्यापूर्वी जखमेभोवतीचे केस भादरतात आणि मग पुढचा महिनाभर ती पोरे डोक्यावर रुपयाएवढी तुळतुळीत जागा घेऊन गावभर हिंडतात. टोपी घालत नाहीत. उलट कोणी विचारले, तर मान वाकवून दाखवतात.

मी मूळचा सौसरचा. शाळेत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यावर तशीच रुपयाएवढी जागा मोकळी झाली. ती गोटमारीत झाली नव्हती, आपोआप झाली होती. न्हाव्याने केस कापताना पाहिले आणि तो म्हणाला, "पोराले चाई लागली." दोन महिन्यांत तशा तीन जागा झाल्या. तो टोपी घालू लागला आणि आम्ही ती पळवू लागलो. आम्ही म्हणजे मीही. टोपी या बाकावरून त्या बाकावर फिरे आणि तो दोन्ही हातांनी डोके झाकून मागे धावे. आम्हाला तो खेळ वाटे. दिवाळीची सुटी संपली, शाळा उघडली, तो आलाच नाही.

दोन्ही डोक्यांवर जागा तेवढीच होती. एकाला ती मिरवावीशी वाटली, दुसऱ्याने तिच्यापायी शाळा सोडली. तेव्हा केस गेल्याचे दुःख हे नुसते केस गेल्याचे दुःख नसते, हे उघड आहे. मग ते कशाचे असते? या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड मुले एकाच बाकावर बसतात. आमच्याकडे 'टकल्या' म्हणतात, कन्नडमध्ये 'बोळतले' म्हणतात. शब्द निराळे असले तरी ते उच्चारताना ओठांवर येणारे हसू एकच असते. म्हणून हा विषय दोघांचाही आहे.

केसांचा हिशेब

आधी शरीराचे पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपल्या मुळातून दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने मूळ विश्रांती घेते आणि जुना केस गळून त्याच मुळातून नवा येतो. रोज 50 ते 100 केस गळणे हा या व्यवहाराचाच भाग आहे. कंगव्यात केस दिसले की ज्यांच्या काळजात धस्स होते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

गळतीचे मुख्य प्रकार तीन. पहिला वंशपरंपरेचा. यात पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाने केसांची मुळे हळूहळू बारीक होतात. पुरुषांचे कपाळ मागे सरकते, टाळू उघडी पडते. स्त्रियांचा भांग रुंद होत जातो. दुसरा प्रकार धक्क्यानंतरचा. टायफॉइडसारखा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा जबर मानसिक आघात झाला की पुष्कळशी मुळे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हातात येतात. 2020 आणि 2021 साली कोरोनातून उठलेल्या अनेकांनी हा अनुभव घेतला. ताप केव्हाच विसरलेला असतो, म्हणून माणूस नव्या तेलाला किंवा साबणाला दोष देतो. हे केस बहुधा परत येतात. तिसरा प्रकार म्हणजे चाई. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चाल करून जाते. शंभरातील सुमारे दोघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा ती गाठते. चाई स्पर्शाने लागत नाही. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात, पण ते येतील केव्हा आणि पुन्हा जातील की काय, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या तिन्ही प्रकारांत जीवाला धोका नाही. घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही हेच सांगतात, "जीवावरचे काही नाही ना, मग झाले तर!" आणि ज्याचे केस गेले, त्याला नेमके येथेच एकटे वाटू लागते. त्याचे दुःख आहे, परंतु ते दुःख म्हणून कोणी मोजीतच नाही.

शेगावकडची घटना

सौसर-पांढुर्ण्याकडचे लोक गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला जातात, त्यामुळे तो मुलूख आम्हाला परका नाही. त्याच शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून एक विलक्षण प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज, मग तीन-चार दिवसांत हात लावला की केस हातात येत आणि आठवड्याच्या आत डोके रिकामे होई. जानेवारी 2025 पर्यंत 18 गावांतील 279 जणांना याची बाधा झाली. त्यांत लहान मुले होती, वृद्ध होते, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या.

प्रथम संशय पाण्यावर गेला. हा खारपाणपट्ट्याचा भाग, म्हणून ते साहजिकही होते. कोणी शाम्पूचे नाव घेतले, कोणी बुरशीचे. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावांत जाऊन अभ्यास केला. त्यांनी तपासलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य किलोमागे 14.52 मिलिग्रॅम आढळले. नेहमीचे प्रमाण 1.9 मिलिग्रॅम असल्याचे त्यांनी म्हटले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही सेलेनियम कितीतरी पटींनी वाढलेले होते, तर जस्त कमी झालेले होते. सेलेनियम शरीराला हवे असते, परंतु दिवसाला 40 ते 55 मायक्रोग्रॅम एवढेच. त्या गव्हाचे चार ग्रॅम पोटात गेले तरी दिवसाची गरज भागते, आणि आपण तर दोन्ही वेळेला पोळ्या खातो! चीनच्या हुपेइ प्रांतात 1960 नंतरच्या वर्षांत सेलेनियमने असेच लोकांचे केस आणि नखे गळाली होती.

हे झाले कारण. परंतु या घटनेतील जी गोष्ट वर्तमानपत्रांत दोन ओळींत उरकली गेली, ती आपल्या विषयाची आहे. अनेक मुलामुलींचे शिक्षण अडले, ठरलेल्या सोयरिकींत विघ्न आले. काहींनी उरलेले केस गळण्याची वाट न पाहता डोके भादरून घेतले. पुढे अनेकांचे केस पुन्हा येऊ लागले. पण बुडालेले शाळेचे दिवस आणि अडलेले लग्न काही केसांबरोबर उगवत नाही. विष गव्हात होते. शाळा सोडायला लावणारी गोष्ट गव्हात नव्हती, ती माणसांच्या नजरेत होती.

मनावर होणारे आघात

पहिला आघात ओळखीचा. आपण आपला चेहरा आरशात पाहतो तो केसांसकट. केस गेले की आरशात कोणी दुसराच उभा राहतो. ही एक प्रकारची हानीच आहे, आणि जवळचे माणूस गेल्यावर जशी मनाची अवस्था होते, तिची छोटी आवृत्ती येथेही दिसते. आधी 'काही नाही, होईल बरे' असे म्हणणे, मग चिडणे, मग तेल-लेप-नवस यांच्याशी घासाघीस, मग खिन्नता आणि शेवटी, ज्याला साधले त्याला, स्वीकार. चाईच्या रुग्णांत उदासी आणि चिंता यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, असे वैद्यकीय अभ्यासांत वारंवार आढळले आहे.

दुसरा आघात नजरेचा. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी 1963 साली लांच्छन या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांनी दोन अवस्था दाखविल्या. एकाचे व्यंग सर्वांना दिसते, त्याला लोकांच्या वागण्याशी झुंजावे लागते. दुसऱ्याचे झाकलेले असते, त्याला ते उघडे पडण्याच्या भीतीशी झुंजावे लागते. टोपीखाली चाई झाकणारा मुलगा या दुसऱ्या अवस्थेत असतो. एस.टी.त खिडकीजवळ बसायचे नाही, वारा येतो. पावसात भिजायचे नाही, केस चिकटतात. पहिल्या बाकावर बसायचे नाही, मागचे पाहतात. कबड्डी नको, पोहणे नको, लग्नाच्या पंगतीत दिव्याखाली बसणे नको. बाहेरच्याला वाटते, पोरगा माणूसघाणा झाला. तो बिचारा दिवसभर पहारा देऊन थकलेला असतो.

या पहाऱ्यातील अर्धी भीती मात्र खोटी असते, हेही सांगितले पाहिजे. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असे चित्र असलेला सदरा घालून वर्गात पाठवायचे आणि किती जणांनी ते चित्र ओळखले असेल, हे त्यालाच विचारायचे. त्यांचा अंदाज सरासरी निम्म्यांचा असे. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनाच ते ओळखता आले. आपल्याला वाटते तेवढे जग आपल्याकडे पाहत नाही. ज्याला त्याला आपापल्या सदऱ्याची चिंता असते!

परंतु हा दिलासा अर्धाच आहे. पाव लोक तरी पाहतातच, आणि त्यातला एखादा हसला तरी पुरे होते. 2022 साली ऑस्कर पारितोषिकांच्या समारंभात पारितोषिक देण्यासाठी आलेल्या विनोदी नटाने जेडा पिंकेट स्मिथ यांच्या भादरलेल्या डोक्यावर कोटी केली आणि त्यांचे पती विल स्मिथ यांनी रंगमंचावर जाऊन त्याच्या थोबाडीत मारली. मारणे चूकच. पण आपले केस गळतात हे त्या नटीने 2018 सालीच उघडपणे सांगितले होते. धन, कीर्ती, सौंदर्य सारे असलेल्या स्त्रीचाही चेहरा त्या एका वाक्याने कसा उतरला, हे साऱ्या जगाने पाहिले. मग खेड्यातल्या पोरीची काय कथा?

तिसरा आघात अनिश्चिततेचा. हात मोडला तर डॉक्टर सांगतात, सहा आठवडे प्लास्टर. चाईला अशी तारीख नाही. केस येतात, आशा येते. पुन्हा जातात, आशाही जाते. त्यात 'तू फार विचार करतोस म्हणून केस जातात' असे ऐकवले जाते. ताण हे काही प्रकारांत कारण असते, चाईत त्याचा हातभार असू शकतो, परंतु सारा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. हे वाक्य मात्र रुग्णालाच गुन्हेगार ठरवते. केस गेले म्हणून चिंता, चिंता करतो म्हणून केस गेले, असा तो घाण्याचा बैल होतो.

स्वेच्छा आणि सक्ती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केस जाणे हेच दुःखाचे मूळ असते, तर आपण जावळ काढण्याचा सोहळा कशाला केला असता? तिरुपतीला हजारो स्त्रीपुरुष रांगा लावून केस देतात आणि हसतमुखाने परततात. घरात मृत्यू झाला तर मुलगे डोके भादरतात. त्या बोडक्या डोक्याकडे कोणी हसून पाहत नाही, उलट मान खाली घालून वाट देतात. या साऱ्या प्रसंगी केस माणूस स्वतः देतो, आणि समाज त्याला अर्थ व मान देतो.

याच महाराष्ट्रात याच्या उलट उदाहरणही आहे. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवांचे केशवपन होई. पती वारल्यावर बालवयातल्या मुलीलाही न्हाव्यासमोर बसवीत आणि पुढे आयुष्यभर तिच्या डोक्यावर वस्तरा फिरे. 'बोडकी' ही शिवी तिथूनच आली. आगरकरांनी 'सुधारका'तून या रूढीवर कोरडे ओढले. कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे यांनी तर न्हावी बांधवांनाच हाक दिली आणि 1890 साली मुंबईतील न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केस कापणार नाही असे ठरविले. विधवेला विद्रूप करण्याचे हत्यार ज्यांच्या हातात दिले होते, त्यांनीच ते खाली ठेवले. केस काढल्याने माणसाला आतून मोडता येते, हे रूढी पाळणाऱ्यांना ठाऊक होते, आणि वस्तरा खाली ठेवणाऱ्यांनाही ते उमगले होते.

तेव्हा फरक दोन गोष्टींचा. केस आपल्या इच्छेने गेले की इच्छेविरुद्ध, आणि गेल्यावर भोवतालचे लोक मान देतात की अपमान करतात. गोटमारीतल्या पोराची जागा शौर्याची खूण ठरली. आमच्या वर्गमित्राची जागा थट्टेची झाली.

कर्करोगाच्या रुग्णांत हे स्पष्ट दिसते. आमच्याकडचे रुग्ण नागपूरला जातात, कोणी मुंबईच्या टाटा रुग्णालयात. औषधांचा मारा वेगाने वाढणाऱ्या पेशींवर असतो आणि केसांची मुळे ही त्यांतलीच, म्हणून दोन ते चार आठवड्यांत केस गळतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुधा परत येतात. तरीही अनेक स्त्रियांना उलट्या आणि अशक्तपणापेक्षा केस जाण्याचे दुःख अधिक वाटते. काही जणी त्यापायी उपचारच नको म्हणतात. केस जाण्याआधीच बातमी गावभर होईल, ही भीती त्यात असते. डॉक्टरांनी आधीच सांगितले, केस गळण्याची वाट न पाहता स्वतःच्या इच्छेने ते बारीक कापून घेतले, घरातले कोणी त्या वेळी जवळ बसले, तर हा आघात सौम्य होतो. येथेही स्वेच्छा आणि सोबत याच दोन गोष्टी कामी येतात.

करायचे काय?

ज्याचे केस जात आहेत, त्याने प्रथम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. रक्तातील लोह कमी असणे, थायरॉइडचा विकार, अपुरा आहार अशी कारणे साध्या तपासणीत सापडतात आणि दूर करता येतात. वंशपरंपरेच्या गळतीवर मिनॉक्सिडिल आहे. ते मूळचे रक्तदाबाचे औषध, केस वाढतात हे त्याच्या वापरातून लक्षात आले. चाईवरही आता परिणामकारक औषधे निघाली आहेत, 2022 साली अमेरिकेत त्यांतील एकास मान्यता मिळाली. ती सर्वांना लागू पडत नाहीत आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसतात.

मात्र आठवडी बाजारातल्या बाटलीपासून भ्रमणध्वनीवरच्या जाहिरातीपर्यंत 'पंधरा दिवसांत केस' विकणाऱ्यांपासून दूर राहावे. औषधाने टक्कल बरे करण्याचा दावा करू नये, असे आपल्या देशाचे 1945 चे औषधविषयक नियम सांगतात. हे विक्रेते तेलाच्या नावाखाली माणसाची भीती विकत घेतात, आणि प्रत्येक रिकाम्या बाटलीबरोबर त्याची निराशा वाढवतात. झोप उडाली, जेवण तुटले, घराबाहेर पडावेसे वाटेना, जगणे नकोसे झाले, तर तो हट्ट किंवा नाटक नव्हे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. 2022 पासून सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर चालते.

आणि आपण, ज्यांचे केस शाबूत आहेत, त्यांनी काय करावे? उपाय सुचवू नयेत, ते त्याने शंभरदा ऐकलेले असतात. 'त्यात काय एवढे' म्हणू नये. पाहून न पाहिल्यासारखे करण्याची कसरतही नको. बोलायचे झाले तर सरळ विचारावे आणि तो सांगेल तेवढे ऐकावे. वर्गातल्या शिक्षकाने टोपीला परवानगी द्यावी आणि थट्टेला देऊ नये. एवढे पुरे आहे.

सौसर आणि पांढुर्णा हे तालुके मिळून 2023 साली वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. त्यानंतरच्या हिवाळ्यात गावी गेलो होतो. संत्र्यांचा हंगाम होता. बाजारात एका गाडीपाशी तो जुना वर्गमित्र भेटला. डोक्यावर दाट केस, कानाशी थोडे पिकलेले. त्याने मला ओळखले. चहा घेता घेता मी विषय काढला, चुकलो असे म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "केस तर सहा महिन्यात आले गा. तवा तुमच्यातल्या एकानं जरी म्हटलं असतं ना, का देऊन टाका त्याची टोपी, तर मी आलो असतो शाळेत."

वर्गात आम्ही चाळीस जण होतो.